बोगनवेलीला एवढं पाणी पाजू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत उन्हाळ्यातल्या कुंड्यांवर एक चौकट आली होती, त्यात मोगरा, जास्वंद आणि बोगनवेल तिघींना एकाच ओळीत बसवून सकाळ-संध्याकाळ भरपूर पाणी द्या म्हणून छापलंय. मोगऱ्याचं ठीक आहे, जास्वंद तर पाणी नसलं की दुपारीच मान टाकते, पण बोगनवेल? माझी तीन वर्षं ह्याच सल्ल्यापायी गेली म्हणून लिहायला बसले, लांबलं तर कात्री लावा.

आमची बोगनवेल गच्चीत १४ इंची कुंडीत आहे. नर्सरीतून आणली तेव्हा गुलाबी रंगाने नुसती लगडलेली होती. घरी आल्यावर मी सगळे लाड केले, रोज पाणी, पंधरा दिवसांनी शेणखत, वर कुणीतरी सांगितलं म्हणून युरियाची चिमूट, आणि ती अशी काही माजली की विचारू नका, पाच-सहा फुटी फोक निघाले पण फूल एक नाही. मिस्टर म्हणायचे ही बोगनवेल नाही, पालेभाजी आहे.

मग गेल्या मे महिन्यात सोसायटीची मोटर जळाली आणि आठ दिवस टँकरवर काढले. बडोद्याचा मे तुम्हाला सांगायला नको. तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भाजीचं कढीपत्त्याला, उरलंच तर मोगऱ्याला, ह्या काटेरी बाईंचा नंबर लागलाच नाही, मधे एकदा मगभर दिलं असेल नसेल. पानं मलूल झाली, निम्मी गळली, मी म्हटलं गेली आता. मोटर आल्यावर एकदाच पोटभर पाणी घातलं आणि दोन-अडीच आठवड्यांत त्या उघड्या फांद्यांच्या टोकाटोकाला गुलाबी ठिपके! जूनमध्ये कठड्यावरून खालच्या मजल्याच्या खिडकीपर्यंत लोंबत होती आणि खालच्या बेन कचरा पडतो म्हणून तक्रार करायच्या ऐवजी फोटो काढून ठेवत होत्या.

कारण साधं आहे. पाणी आणि नत्र भरपूर मिळालं की ही पाला वाढवत बसते, ताण बसला की फुलावर येते. रस्त्यातल्या डिव्हायडरवर हिला कोण दोन वेळा पाणी घालतं, तरी एप्रिलमध्ये कशी पेटलेली असते बघा. म्हणजे पाणी तोडून टाका असं नाही हं, माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत सुकली की कुंडीच्या भोकातून निघेपर्यंत द्यायचं आणि मग परत सुकू द्यायचं. ऊन मात्र पाच-सहा तास थेट हवं, ग्रिलच्या आतल्या बाल्कनीत ठेवून फूल येत नाही म्हणून रडू नये. आणि साचलेलं पाणी तर हिला अजिबात सोसत नाही, माझी दुसरी कुंडी खाली पार्किंगमध्ये होती, ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात तीन दिवस बुडाली, मुळं कुजून गेलीच.

छाटणीचंही तसंच. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर संपला की लगेच छाटायचं. आमच्या सोसायटीचा माळी कंपाउंडवरच्या वेलीला नेमका कळ्या धरल्यावर कात्री लावतो, दिवाळीला गेट नीट दिसावं म्हणून, आणि मग कमिटीत चर्चा की ह्या झाडाला फुलंच येत नाहीत, काढून टाका, काटे वास्तूला वाईट. आता हिला धरायला तणावे नसतात, काट्यांच्या आधाराने ती वर चढते, तर काटे नसून कसं चालेल! भिंतीवर चढवायची तर सुतळीने बांधावी लागते, नाहीतर सरळ लोंबू द्यावी.

अजून एक, चौकटीत हिला 'आपली देशी वेल' म्हटलंय. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. १७६७ मध्ये बोगनव्हिल ह्या फ्रेंच दर्यावर्दीची जहाजं ब्राझीलमध्ये रिओला थांबली तेव्हा बरोबरच्या कॉमरसन नावाच्या वनस्पतीतज्ज्ञाने नमुने गोळा केले आणि वेलीला कॅप्टनचं नाव मिळालं. पण त्याच जहाजावर झान बारे नावाची बाई पुरुषाचे कपडे घालून कॉमरसनची मदतनीस म्हणून होती, कारण तेव्हा बायकांना फ्रेंच नौदलाच्या जहाजावर घेत नसत. जगाला फेरी मारणारी पहिली बाई म्हणतात तिला. छापायचं तर हे छापा की!

आणि ती गुलाबी फुलं फुलं नाहीतच, रंगीत पानं आहेत ती. नातीने सुईने उकलून दाखवलं, तीन कागदी पानं आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेली एकेक बारीक नळी, तिच्या टोकाला साबुदाण्याएवढं पांढरं फूल. इतकी वर्षं घरात असून मी कधी वाकून पाहिलं नव्हतं.

तर कृपया पुढच्या रविवारी दुरुस्ती छापा. दांडिया बाजारात राहणारी माझी नणंद मागच्या रविवारपासून तिच्या बोगनवेलीला दोन वेळा बादली ओततेय, मी फोनवर दोनदा सांगून पाहिलं तर म्हणते, वहिनी, पेपरात आलंय.

आपली एक जुनी वाचक,
बडोदा