काका, तुम्ही बूट काढलेत त्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

गाडी आता गप्प आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुम्ही "बरं, बरं" म्हणून फोन ठेवला असता आणि मला खरं जे सांगायचंय ते राहून गेलं असतं. म्हणून हे पत्र. आणि ते उघडं लिहितेय, कारण आणखी काही जणांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे. कुणी ते त्यांचं त्यांना कळेल.

तुमच्या गॅरेजमध्ये गाडी घेऊन आले तेव्हा मी बरीच चिडलेली होते, हे तुम्हाला दिसलंच असेल. माझी गाडी २००१ सालची मझदा एमएक्स-५. दोन सीटची, छत उघडणारी, वजनाला साधारण एक टन. चारही चाकांना डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या आर्मने धरलेलं. रस्ता हाताला कळावा म्हणून लोक ही गाडी घेतात, मीही त्याचसाठी घेतली. अशा रचनेत प्रत्येक कोपऱ्यात बुश, म्हणजे जोडांत बसवलेले रबरी तुकडे, आणि सांधे भरपूर असतात, आणि गाडीने विशी ओलांडली की त्यातलं कुणीही कुरकुर करू लागतं. त्याबद्दल गाडीवर माझा राग नाही. रबर म्हातारं होणारच.

माझा राग न ऐकणाऱ्यांवर होता. आवाज कधी येतो आणि कधी येत नाही, हे मी प्रत्येक ठिकाणी नीट सांगत होते. हळू जाताना, खडबडीत रस्त्यावर, पुढून डावीकडून टक-टक. वेग वाढला की ऐकू येत नाही. आणि मोठ्या स्पीडब्रेकरवरून दोन्ही चाकं एकदम गेली तर चक्क शांत! काहीतरी सुचायला एवढं पुरे होतं की नाही? एका ठिकाणी उत्तर मिळालं, "मॅडम, जुनी गाडी आहे, आवाज करणारच." दुसऱ्याने गाणी जरा मोठ्याने लावायचा सल्ला दिला. तिसऱ्याने आधी गाडी कुणाची आहे ते विचारलं, आणि मग एकदाही चालवून न बघता चारही शॉकअप बदलून टाकले. टक-टक होती तशीच राहिली. वर खोल खड्ड्यात एक नवा 'धप्प' सुरू झाला. परत गेले तर म्हणे, "नवीन पार्ट आहेत, बसायला वेळ लागतो." शॉकअप संपला की गाडी झुलते, तरंगते, टकटक बहुतेक वेळा सांध्यांची, बुशची किंवा ढिल्या राहिलेल्या नटाची असते. हे मला तुमच्याकडून कळलं. ज्यांच्या पाटीवर सस्पेन्शन तज्ज्ञ लिहिलंय त्यांना ते आधी माहीत असायला हवं होतं.

तर तुमच्याबद्दल.

तुम्ही पाना हातात घेतलाच नाहीत. आधी डिकी रिकामी करायला लावलीत, जॅकसकट. छत खाली करायला सांगितलंत, म्हणजे त्याच्या सांगाड्याची खडखड मध्ये येणार नाही. मग म्हणालात, "तुम्हीच चालवा, मी शेजारी बसतो." आणि बसल्यावर बूट काढलेत. मोजे काढलेत. मॅट बाजूला सारून दोन्ही तळवे फ्लोअरवर टेकवलेत. मला वाटलं पाय अवघडले असतील. तुम्ही म्हणालात, "कान फसवतात. पत्र्यातून आवाज कुठल्या कुठे फिरतो. तळव्याला धक्का कुठून आला ते कळतं."

मग डोळे मिटलेत आणि एक शब्द बोलला नाहीत. मीही बोलले नाही. खराब रस्ता लागला आणि टक झालं, तसं तुमचं बोट गुडघ्यावर उचललं गेलं. पुन्हा टक, पुन्हा बोट. मला जिथे जिथे ऐकू येत होतं, तिथे तिथे तुमचं बोट वर. मी काही सुचवलं नव्हतं, "हा बघा, हा बघा" केलं नव्हतं. मध्येच तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "दोन आहेत. एक बारीक, एक जड. वेगवेगळे आहेत."

काका, त्या क्षणी माझा गळा दाटून आला. गाडीच्या खडखडाटावरून रडू यावं हे लिहितानासुद्धा विचित्र वाटतंय. पण "तुम्हाला भास होतोय" हे इतक्या जणांनी इतक्या तऱ्हेने सांगितलं होतं की मीच रात्री पडल्या पडल्या विचार करायला लागले होते, खरंच येतो का आवाज? तुमच्या बोटाने तो प्रश्न संपवला. दुरुस्ती नंतर झाली. मला बरं वाटलं ते तेव्हाच.

पुढचं सगळं सांगत बसत नाही, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण सर्वात आधी खालचे बॉल जॉइंट, म्हणजे खालचा आर्म चाकाशी जोडणारे सांधे, टॉमी (लोखंडी दांडा) लावून तपासलेत, कारण "आवाज नंतर बघू, हा सुटला तर चाकच मुडपेल", हे विसरणार नाही. आधीच्यांपैकी कुणी तिकडे बघितलंही नव्हतं.

आणि तो लिंक रॉड! गाडी चारही चाकांवर रॅम्पवर उभी, तुमचा मुलगा ती बाजूने हलवतोय, आणि तुम्ही माझा हात धरून अँटी-रोल बारच्या (गाडी वळणावर कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) डाव्या लिंकवर, म्हणजे त्याला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या रॉडवर, ठेवलात. बोटांना स्पष्ट टक लागला. एक चाक वर आणि दुसरं खाली झालं की हा बार पिळतो, आणि ते बळ या लिंकमधून जातं. दोन्ही चाकं बरोबर उचलली की बार नुसता फिरतो, लिंकवर फारसा ताण येत नाही, म्हणून स्पीडब्रेकरवर शांतता. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होते, काका! आधी गाडी दर वेळी जॅकवर उचलून, चाकं लोंबत ठेवून बघितली गेली. तसं केलं की सांध्यावरचा भार बदलतो आणि झीज लपते, हे तुम्ही किती सहज सांगितलंत. त्यांना नावं ठेवली नाहीत. ते काम मी करतेय.

जड आवाज नव्या शॉकअपचा निघाला. म्हणजे शॉकअप ठीक होता, वरच्या माउंटिंगमधले वॉशर उलटसुलट बसवले होते. शिवाय आर्मचे बोल्ट चाकं हवेत असतानाच आवळलेले. बुशचं रबर तसंच पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं म्हणे. तुम्ही सगळे ढिले करून, गाडी चाकांवर उभी करून पुन्हा आवळलेत. दुसऱ्याने केलेलं काम, तेही न दिसणारं. नसतं केलंत तरी मला कधी कळलं नसतं.

मी गेले काही दिवस याच गोष्टीवर अडकले आहे. हुशार कारागीर खूप असतात. समोरचा जे सांगतोय ते खरं असू शकतं, एवढं धरून कामाला लागणारे कमी भेटतात. डॉक्टरांत कमी, कचेऱ्यांत कमी, घरातसुद्धा कमी. त्याला जास्तीचा वेळ लागत नाही, हत्यार लागत नाही. तुम्हाला तर बूट काढण्यापलीकडे काहीच लागलं नाही. आणि तुम्ही ते काही विशेष करतोय अशा थाटात केलं नाहीत, म्हणून मला ते जास्तच भिडलं.

मागच्या बुशना बारीक भेगा दिसतायत हे टॉर्च धरून दाखवलंत आणि लगेच म्हणालात, "आत्ता बदलू नका, पुढच्या वर्षी बघू." जिच्या गाडीचे चारही शॉकअप न विचारता बदलले गेले त्या बाईला हे वाक्य पचायला वेळ लागतो, म्हणून मी पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा तेच सांगितलंत. तर पुढच्या वर्षी येते. माउंटिंगचे नट थोडं चालवून झाल्यावर परत तपासायचेत, त्यासाठी त्याआधीच येईन.

जुना लिंक रॉड मी मागून घेतला तेव्हा तुम्ही कशाला म्हणून विचारलंत आणि मी टाळलं. आता सांगते. तो त्या शॉकअपवाल्यांच्या काउंटरवर ठेवून येणार आहे. चिठ्ठी वगैरे काही नाही. हातात घेऊन हलवला की पुरे.

आपली,
निळ्या एमएक्स-५ वाली