टक्केवारी पुरे, आता संदर्भ द्यायला शिकवा: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री,
सविनय नमस्कार.

प्रबंध आला की तो साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून जातो, टक्केवारी मर्यादेत निघाली की सगळे निश्चिंत होतात. पण ती टक्केवारी फक्त जुळणारा मजकूर दाखवते. दिलेला संदर्भ विद्यार्थ्याने वाचला होता का, मूळ लेखकाने खरोखर तेच म्हटले आहे का, हे तिला कळत नाही. चोरी पकडायची यंत्रणा आपण उभारली, संदर्भ द्यायला शिकवणे राहूनच गेले.

त्याची किंमत मोठी असते. 1980 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने पाच वाक्यांचे एक पत्र छापले. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषधे दिलेल्या 11,882 रुग्णांत, आधी व्यसन नसलेल्या केवळ चौघांना ते जडल्याची खात्रीशीर नोंद होती. 2017 मध्ये त्याच नियतकालिकात या पत्राच्या 608 उल्लेखांची छाननी आली. सुमारे 72 टक्के लेखांनी ते ‘व्यसन क्वचितच जडते’ याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सुमारे 80 टक्के लेखांनी सांगितलेच नव्हते. घरी दीर्घकाळ गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पाच वाक्यांत काहीच नव्हते. पाच वाक्ये! ती वाचायला किती वेळ लागला असता?

वर्गात मात्र वेळ जातो तो संदर्भ लिहिण्याची एपीए पद्धत की एमएलए, वर्ष आधी की पृष्ठक्रमांक, यात. ते काम झोटेरोसारखे संदर्भसूची बनवणारे मोफत साधनही करते. दुसऱ्याचा विचार स्वतःच्या शब्दांत मांडला तरी श्रेय द्यावे लागते. दुसऱ्याच्या लेखातून उचललेले अवतरण मूळ ग्रंथ पाहिल्यासारखे देता येत नाही, हे शिकायला सराव लागतो. आता तर चॅटजीपीटी अस्तित्वातच नसलेले लेख खऱ्यासारखे रचून देते.

म्हणून मागणी अशी: पहिल्या वर्षापासून, प्रत्येक विषयात, त्या विषयाच्याच शिक्षकांनी हे शिकवावे. ग्रंथालयातल्या एका तासाच्या व्याख्यानाने भागणार नाही. निबंधासोबत विद्यार्थ्याने वापरलेल्या स्रोतांची नेमकी पाने जोडावीत, शिक्षकाने त्यातला एखादा मूळ मजकुराशी ताडून पाहावा आणि त्याला गुण असावेत. नवख्याची पहिली चूक शिक्षेने नव्हे, पुनर्लेखनाने सुधारावी. जाणूनबुजून केलेल्या चोरीचे नियम वेगळेच राहोत. शिक्षकांना एवढे तपासायला वेळ हवा, तेव्हा वर्गही लहान करावे लागतील. पुढच्या अभ्यासक्रम-फेररचनेत याची तरतूद करावी, ही विनंती.

आपला,
एक प्राध्यापक