ती एकटी राहिलीच नाही

प्रिय सखी,

कादंबरी वाचून झाली की तुला पाठवते म्हणाले होते. झाली वाचून, पण पाठवत नाही. का, ते सांगते.

सुरुवात अशी की मी जागची हलले नाही. नायिकेचं नातं तुटलंय, तो सामान घेऊन गेलाय, आणि पलंगाशेजारच्या प्लगला त्याचा चार्जर तसाच राहिलाय. ती रोज रात्री बटण चालू करते, सकाळी बंद करते. चार्जर काढत नाही. बस, एवढंच. माझा घसा दाटून आला. वाटलं, लिहिणारीला कळलंय.

पण पुढे तो चार्जर गेला कुठे? पुन्हा नावच नाही. त्याच्या जागी नुसते शब्द: ती कोसळली, आतून तुटली, काळजाचं पाणी झालं. पानोपानी तेच. अगं, तुटली म्हणजे काय झालं? घास उतरत होता का? झोप लागत होती का? 2011 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. मनाविरुद्ध नातं तुटलेल्या 40 जणांना आधीच्या जोडीदाराचा फोटो दाखवला, आणि वेगळ्या वेळी हाताला सोसेल इतपत चटका दिला. दोन्ही वेळा मेंदूचे काही तेच भाग जागे झाले. इतकं ते दुखणं अंगातलं असतं! आणि ह्या मुलीला अंगच नाही.

तिला एक संध्याकाळसुद्धा एकटीला मिळत नाही गं. मैत्रिणी येतात, सहल निघते, आणि मध्यावर एक समंजस, देखणा तरुण हजर. म्हणजे दुःख ही रिकामी खुर्ची, कुणी येऊन बसलं की संपली. ह्याचा मला फार राग आला.

वाचताना सारखी तू आठवत होतीस. ऑफिसातला तुझा पासवर्ड, त्याच्या वाढदिवसाची तारीख. रोज सकाळी तेच आकडे टाइप करायचीस. बदल म्हटलं की म्हणायचीस, "आज नको." कितीतरी महिने. मग एका दुपारी तुझा एका शब्दाचा मेसेज आला, "बदलला." तेव्हा ना कुणी नवा आला होता, ना काही विशेष घडलं होतं. मी जिन्यात उभी राहून रडले होते, हे तुला कधी सांगितलं नाही.

ह्या पुस्तकात मी ती दुपार शोधत होते. तू लिहिशील? दोनच पानं लिही. मी वाट बघते.

तुझीच