प्रेसनोट लिहिणाऱ्याला आधी मीटिंगमध्ये बसू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं की सरकारी जनसंपर्क विभागाचे लोक नुसते साहेबांचे फोटो छापून आणतात आणि अडचणीचं काही विचारलं की फोनच उचलत नाहीत. वाचून राग आला नाही कारण निम्मं खरंच आहे. मी स्वतः एका सरकारी संस्थेच्या जनसंपर्क विभागाचा प्रमुख म्हणून बरीच वर्षं काढलीत, आता रिटायर झालोय, म्हणून उरलेलं निम्मं जरा मोकळेपणाने लिहितो.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे पत्रकारांशी बोलणं. अहो पत्रकारांशी बोलायला दिवसातला तास दीड तास पुरतो, बाकी सगळा दिवस आपल्याच घरातल्या लोकांच्या मागे फिरण्यात जातो. टेक्निकलवाले म्हणतात अकाउंट्सला विचारा, अकाउंट्स म्हणतं लीगलचा अभिप्राय आल्याशिवाय आकडा देऊ नका, लीगलवाले सुट्टीवर. तोवर रिपोर्टरची डेडलाइन टळून गेलेली असते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात ते वाक्य येतं, ‘संपर्क साधण्याचा प्रयत्न केला असता प्रतिसाद मिळाला नाही’. ते वाक्य कात्रणात लाल पेनाने अधोरेखित करून साहेब मलाच दाखवायचे!

एक प्रसंग सांगतो. संध्याकाळी एका रिपोर्टरचा फोन आला, तुमच्या साइटवर अपघात झालाय का. मला काहीच माहीत नव्हतं. मी तिथल्या अधिकाऱ्याला फोन लावला, तो म्हणाला छे, किरकोळ आहे, काही नाही. मी त्याच्या भरवशावर सांगून टाकलं की असं काही घडलेलं नाही. सकाळी पहिल्या पानावर फोटो! नंतर कळलं की माझा फोन यायच्या दोन तास आधी वरच्या मजल्यावर त्याच विषयावर मीटिंग झाली होती, सगळे खातेप्रमुख होते, मी सोडून. खोटं कोणी बोललं असेल ते असेल, पण नाव माझं गेलं, आणि त्या रिपोर्टरने पुढे वर्षभर माझ्या कुठल्याही खुलाशावर विश्वास ठेवला नाही आणि बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून मी नियमच केला, आपण स्वतः खात्री केलेली नाही ती गोष्ट नाकारायची नाही. ‘आत्ता एवढंच कळलंय, बाकीचं आठ वाजता सांगतो’ म्हणायचं आणि आठ वाजता फोन करायचा म्हणजे करायचाच, नवीन काही हाती नसलं तरी. यात कमीपणा काही नाही, पण साहेब लोकांना ‘माहीत नाही’ हा शब्द भलताच झोंबतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं कोणी समजू नये. अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीत २८ मार्च १९७९ ला अपघात झाला तेव्हा कंपनी एक सांगत होती, राज्य सरकार दुसरं, अणुऊर्जा नियामक आयोगाचं मुख्यालय तिसरंच. लोक घाबरले ते किरणोत्सर्गाइतकेच या गोंधळाने. मग राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी आयोगाचे हॅरॉल्ड डेंटन यांना तिथे पाठवलं आणि यापुढे भट्टीबद्दल बोलतील ते हेच असं ठरलं. डेंटन जनसंपर्कवाले नव्हतेच, इंजिनिअर माणूस, पण ते जिथे निर्णय होत होते त्याच जागेवर होते आणि तिथून येऊन साध्या भाषेत सांगायचे, म्हणून लोकांनी त्यांचं ऐकलं. भाषा गोड असून उपयोग नाही हो, माणूस आत असावा लागतो.

आणि विभागप्रमुखच घसरला तर काय होतं तेही बघा. ऑक्टोबर २००७ मध्ये कॅलिफोर्नियात वणवे पेटलेले, अमेरिकेच्या फेमा या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने ऐनवेळी, जेमतेम पंधरा मिनिटं आधी कळवून पत्रकार परिषद घेतली. एवढ्यात पत्रकार पोचणार कसे? फोनवरून नुसतं ऐकायची सोय होती, प्रश्न विचारायची नाही. मग खुर्च्यांवर बसलेल्या संस्थेच्याच लोकांनी प्रश्न विचारले, अगदी सोपे सोपे. दोन-तीन दिवसांत बिंग फुटलं. विभागप्रमुखाची दुसऱ्या मोठ्या सरकारी संस्थेत त्याच पदावर नेमणूक ठरलेली होती ती गेली. मला त्या माणसाचा राग कमी आणि धसका जास्त वाटतो, कारण ‘आजच्या आज काहीतरी करून दाखवा’ हे प्रेशर मी भोगलंय.

अमेरिकेतल्याच हवाई राज्याचं तर डोकं चक्रावून टाकणारं. १३ जानेवारी २०१८ ला सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज, क्षेपणास्त्र येतंय, ही ड्रिल नाही. चुकून गेलेला. मोबाइलवर दुरुस्तीचा मेसेज यायला ३८ मिनिटं लागली, कारण चुकीचा इशारा मागे घेण्याचा मजकूर आधी तयार करून ठेवलेलाच नव्हता. गव्हर्नरनी नंतर सांगितलं की त्यांना स्वतःच्या ट्विटरचा लॉगिनच आठवत नव्हता. हसू नका, आमच्याकडे संस्थेच्या अकाउंटचा पासवर्ड एका कंत्राटी मुलाला माहीत होता आणि तो नोकरी सोडून गेला होता 😀

(आणखी एक गंमत, अमेरिकेत १९१३ सालापासून कायदाच आहे की खास मंजुरीशिवाय सरकारी पैशातून ‘प्रसिद्धी तज्ज्ञ’ नेमायचा नाही. तर पाट्यांवर प्रसिद्धी हा शब्द टाळून माहिती अधिकारी वगैरे लिहायला लागले. काम तेच!)

तर त्या पत्रलेखकांना माझं एवढंच म्हणणं आहे की आम्हाला शिव्या जरूर द्या पण एक प्रश्न वरच्यांनाही विचारा, निर्णय होतो तेव्हा हा जनसंपर्कवाला खोलीत असतो का, की सगळं ठरल्यावर संध्याकाळी सहाला बोलावून ‘याची जरा प्रेसनोट करा’ म्हणतात. आधीपासून बसलेला असेल तर तो दहातल्या दोन वेळा तरी म्हणू शकतो की साहेब, हे लोकांना सांगताना आपली फजिती होणार आहे, आत्ताच बदला. प्रेसनोटला हे काम जमत नाही.

माझ्या जागेवर आता एक मॅडम आल्यात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सोमवारच्या मीटिंगला बसायची रीतसर परवानगी मागितली, फाइल अजून फिरतेय. मग त्या स्वतःच बाहेरची एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन आत जाऊन बसल्या. परवा फोनवर सांगत होत्या, अजून कोणी उठ म्हटलेलं नाही.

आपला,
एक निवृत्त जनसंपर्क अधिकारी