निळ्या दिव्याखालचे कोरल

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ठाणे-नवी मुंबईत घरच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात (टँकमध्ये) पाळायच्या कोरलचे, म्हणजे जिवंत प्रवाळांचे, बरेच सौदे हल्ली व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवर ठरतात. फोटोत पेटल्यासारखा दिसणारा झोअँथस (फुलांच्या गुच्छासारखे दिसणारे एक कोरल) घरच्या टँकमध्ये मातकट निघाला की ‘फोटो एडिट केला’ असा आरोप होतो. पुष्कळदा दोष एडिटिंगचा नसतो, दिव्याचा असतो.

रीफ टँकच्या, म्हणजे कोरल ठेवलेल्या टँकच्या, एलईडीत 450 नॅनोमीटरच्या आसपासचा गडद निळा प्रकाश भरपूर असतो. कोरलमधली काही प्रथिने तो शोषून हिरवा किंवा नारिंगी प्रकाश बाहेर टाकतात. ही चमक खरी, पण त्या दिव्यापुरती. काही गुलाबी-जांभळे रंग मात्र चमकत नाहीत, नुसते परावर्तनाने दिसतात. निळ्या दिव्यात लाल जवळपास नसतोच, मग तो परत येणार कुठून? असे कोरल काळपट दिसते आणि कोणतेही अॅप तो रंग परत आणत नाही, फक्त फोटो दाणेदार करते.

फोनच्या लेन्सवर लावायच्या नारिंगी जेल फिल्टरने डोळ्यांना दिसणारी चमक बरीच पकडता येते. कोरलच्या अंगाचा तपकिरीपणा मात्र त्यात लपतो. म्हणून विक्रेत्यांनी दोन फोटो द्यावेत: एक निळ्यात फिल्टर लावून, दुसरा दिव्यातला पांढरा प्रकाश वाढवून, फिल्टरशिवाय. पाच मिनिटे वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) बंद, काच आतून-बाहेरून पुसलेली, खोलीतले दिवे बंद, फ्लॅश नाही. फोन काचेला काटकोनात धरावा. तिरका धरला की कडांना रंगीत झालर येते. एक्स्पोजर उणे 1 ठेवावे, नाहीतर फोटोतला निळा रंग मर्यादेबाहेर जातो आणि पॉलिपची (कोरलच्या एकेका फुलासारख्या जीवाची) कड सपाट डाग होते. फोटोत आडवे पट्टे आले तर शटर 1/50 किंवा 1/100 करून पाहावे. व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीची फोनमधली रंगजुळणी) हाताने लावावा. बऱ्याच फोनमध्ये तो 10000 केल्विनपाशी किंवा त्याआधीच थांबतो. निळ्या टँकला ते पुरत नाही, तिथे रॉ फाइलच (फोनने प्रक्रिया न केलेला, रंग नंतर जुळवता येणारा फोटो) हवी.

घेणाऱ्याने आधी कोरल पाहूच नये. फोटोतली पांढरी वस्तू शोधावी: कोरा फ्रॅग प्लग (कोरलचा तुकडा चिकटवायची छोटी बैठक), वाळू किंवा क्लाउनफिश माशाच्या अंगावरचा पट्टा. पट्टा निळा असेल तर कोरलच्या रंगातून तेवढा निळा मनातल्या मनात वजा करावा. पिवळट असेल तर दुरुस्ती जास्त झाली. आणि पट्टा पांढराशुभ्र, वाळूही पांढरी, पण कोरल तेवढे निऑन? मग मात्र एडिटिंगचा संशय घ्यायला हरकत नाही. प्लग फ्रेमबाहेर कापलेला फोटो आला तर दुसरा मागावा.

आपल्या समुद्रातले कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. तिथे रंगाआधी कागद पाहावेत.

प्रवासातून आलेले कोरल मिटलेले आणि फिके असते. नव्या दिव्याखाली दोन-तीन आठवडे जाईपर्यंत रंगावरून भांडू नये. पहिल्याच दिवशी पार्सल उघडल्यावर पांढऱ्या उजेडात, प्लगसकट एक फोटो मात्र काढून ठेवावा.

आपला,
एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई