मशिनच्या सेटिंगचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीत जिभेच्या नसेला विजेचा हलका झटका देऊन घोरणे आणि झोपेत घसा मिटून श्वास अडकणे बंद करण्याविषयी लेख वाचला. उपकरण बसवा, रात्री रिमोटचे बटण दाबा, शांत झोपा, असे लिहिले आहे. एवढे सोपे असते तर काय हवे होते!

झटका देणारी, छातीत बसवलेली ती डबी शस्त्रक्रियेनंतर साधारण महिनाभराने सुरू करतात. मग रुग्ण घरी थोडा थोडा जोर वाढवत जातो. त्यानंतर स्लीप लॅबमध्ये, म्हणजे झोपेची तपासणी होते तिथे, अंगभर वायरी लावून झोपायचे असते आणि टेक्निशियन रात्रभर श्वास बघत व्होल्टेज जुळवतो. जोर कमी पडला तर जीभ पुढे सरकत नाही, घसा मिटलेलाच राहतो. जास्त झाला तर माणूस जागा होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका आणि युरोपातल्या चाचणीत १२६ रुग्ण होते. त्यांच्यात श्वास अडकण्याचा मधला आकडा वर्षभरात तासाला २९ वरून ९ वर आला, तो असे सेटिंग करून घेऊनच. लेखात याची एक ओळ नाही.

मला राग येण्याचे कारण घरातलेच आहे. माझे पती यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे माग जुळवून देतात. त्यांचा श्वास थांबला की मी अंधारात त्यांच्या नाकापुढे बोटे धरून मोजत बसायची. वीस, पंचवीस, मग एकदम धाप लागल्यासारखा आवाज. डॉक्टरांनी नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारे सीपॅप मशीन सांगितले. दुकानदाराने अंदाजे प्रेशर लावून दिले, पैसे घेतले आणि विषय संपला. हे रोज रात्री दोनला मास्क ओढून काढायचे. गालावर पट्ट्यांचे वळ, डोळे लाल, आणि मशीन आठ महिने कपाटावर. लोक म्हणायचे, यांनाच सवय होत नाही.

शेवटी पुण्याला जाऊन रात्रभराची तपासणी केली. टेक्निशियनने प्रेशर एकेक पायरीने वाढवत नेले. उताणे झोपल्यावर यांना जास्त लागते, हे तिथे कळले. सकाळी हे म्हणाले, "नवा माग आणला तरी सेट केल्याशिवाय कापड निघतं का? मग मशीन तसंच कसं दिलं?" त्या रात्रीपासून मास्क सकाळपर्यंत नाकावर असतो.

त्याआधी घरी लावून झोपायच्या तपासणीची एक रात्र तर गल्लीतल्या मिरवणुकीच्या डीजेने घालवली. साडेअकरापर्यंत खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या, हे झोपणार कधी आणि यंत्र मोजणार काय? यंत्राचे भाडे मात्र पूर्ण भरावे लागले. त्याबद्दलही तुम्ही कधीतरी लिहा.

सोलापुरात अशी मशिने नेणारी आणि कपाटावर ठेवणारी घरे आमच्या ओळखीत आणखी तीन आहेत. पुढच्या पुरवणीत एवढे तरी छापा, की विकत घेण्याआधी विचारा : सेटिंग कोण करणार, कोणत्या रात्री आणि त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतील का?

आपली,
एक वाचक, अशोक चौक, सोलापूर