पडद्यावरचा बर्फ आणि गुलमर्गचं गवत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत बर्फातल्या सिनेमांच्या लोकेशन्सवर लेख आला होता, फोटो मस्तच होते, पण 'यंदा थंडीत नक्की जा' हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

२०२४ च्या जानेवारीत आम्ही गुलमर्गला गेलो ते सासूबाईंच्या हट्टापायी. त्यांना दोनच गोष्टी बघायच्या होत्या, एक १९७३ च्या 'बॉबी'मधली ती झोपडी आणि दुसरा बर्फ. गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्ग गावात लाँगबूट आणि फरचे कोट भाड्याने घ्यायला लावले, त्याशिवाय वर पाऊल टाकता येणार नाही म्हणे, आणि वर जाऊन बघतो तर काय, सगळीकडे तपकिरी गवत! चिल्ले कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे कडाक्याचे ४० दिवस चालू होते आणि आम्ही कानटोप्या काढून हातात धरलेल्या. स्लेजवाले नुसतेच ऊन खात बसलेले. टूरवाल्याला विचारलं तर म्हणतो, मॅडम, बर्फ काय आमच्या हातात आहे का? अहो मग ब्रोशरवर छापताना कोणाच्या हातात होता? आम्ही घरी आलो आणि मग तिकडे पडला. दुसऱ्या वर्षी तर बर्फाअभावी खेलो इंडियाचे तिथले विंटर गेम्सच फेब्रुवारीतून मार्चवर गेले.

सिनेमावाल्यांनाही हा त्रास होतोच, फक्त त्यांच्याकडे जुगाड असतो. 'डॉक्टर झिवागो'तला (१९६५) रशिया बराचसा स्पेनमधला आहे, बर्फ म्हणून संगमरवराची पूड पसरलेली, आणि ते आतून गोठलेलं घर आहे ना, ते चक्क मेणाचं, त्यात नट फरचे कोट घालून घामाघूम. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' तर १९४६ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात शूट झाला. त्याआधी बर्फ म्हणून पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरायचे, पण पायाखाली ते एवढे कुरकुरायचे की डायलॉग नंतर डब करावे लागायचे, म्हणून यांनी आग विझवायचा फेस आणि साबण मिसळून फवारला. 'द रेव्हनंट'वाल्यांना खरा बर्फच हवा होता, तर कॅनडातला वितळला आणि शेवटच्या सीनसाठी थेट अर्जेंटिनाच्या टोकाला उशुआयाला जावं लागलं. त्यांना परवडतं हो. आमची रजा आठ दिवसांची.

तेव्हा पुढच्या वेळी ठिकाणाच्या नावापुढे शूटिंग कुठल्या महिन्यात झालं आणि बर्फ खरा होता की फेस, एवढं छापाल का? आणि तिथे सध्या बर्फ आहे का, हे हॉटेलवाल्याला फोन करून विचारा असंही लिहा, टूरवाल्याला नको.

सासूबाईंनी मात्र झोपडीपुढे फोटो काढलाच, भाड्याचा फरचा कोट, गुडघ्यापर्यंत लाँगबूट आणि मागे गवत चरणारं घोडं. तोच सध्या त्यांचा व्हॉट्सॲप डीपी आहे.

आपली,
एक वाचक, नाशिक